तिकिटावरची तारीख

कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांची जुनी पत्रे होती. पाचवीत असताना त्यांतल्या एका पाकिटावर मला दीड आण्याचे तिकीट सापडले. त्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि देवनागरीत ‘जय हिंद’. माझ्या वहीत ‘राष्ट्रीय चिन्हे’ असे पान होतेच. पाकीट पाण्यात भिजवले, तिकीट सोडवून डिंकाने वहीत चिकटवले आणि पाकीट फेकून दिले. टपालाचा अर्धाअधिक शिक्का त्या पाकिटावर राहिला. आज प्रयोगशाळेत नमुन्यावर चिठ्ठी न लावणाऱ्या विद्यार्थ्यांवर रागावताना मला ते पाकीट आठवते.

शिक्क्याचे एवढे काय? स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट पाहा. राष्ट्रध्वजाचे, साडेतीन आण्यांचे, परदेशी पत्रांसाठी काढलेले. त्यावर १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख छापली आहे. वर्गात विचारले तर मुले हमखास सांगतील, की ते त्याच दिवशी निघाले. प्रत्यक्षात ते निघाले २१ नोव्हेंबरला. ध्वजाचे रूपच मुळी घटना समितीने २२ जुलैला स्वीकारले होते! सिंहांचे आणि विमानाचे तिकीट तर १५ डिसेंबरला आले. तिन्ही छापली आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात. दरम्यान, आणि नंतरही काही काळ, पत्रांवर सहावा जॉर्ज होताच. राजाच्या चेहऱ्यावर ‘जय हिंद’ असा टपालाचा शिक्का उमटलेली त्या काळातली पाकिटे संग्राहक जपून ठेवतात. तो सत्तापालट नुसत्या तिकिटात दिसत नाही, नुसत्या शिक्क्यातही नाही.

माझ्या वहीतले शीर्षकही तपासून घ्यायला हवे होते. सिंहमुद्रा प्रजासत्ताकाचे बोधचिन्ह झाली २६ जानेवारी १९५० रोजी. तिकीट त्याआधी दोन वर्षे निघालेले. पुढे, १९५८च्या सुमारास, हे सिंह तिकिटाच्या कागदातच शिरले. ओल्या लगद्यावर आकृती दाबली की तिथे कागद पातळ होतो आणि उजेडासमोर धरल्यावर ती उजळ दिसते. हे जलचिन्ह. आधीच्या तिकिटांत तारे असत. वर्गात सुटी जुनी तिकिटे असतील तर खिडकीशी धरून पाहता येईल. चिकटवलेली मात्र निरुपयोगी.

माझे तिकीट अजून चिकटलेलेच आहे. भिंगातून शिक्क्याची एक कमान दिसते आणि शेवटचे दोन आकडे: ४८. पत्र कोणत्या गावाहून आले होते, ते कळायला आता मार्ग नाही.