विमानतळावर आठवलेली खोपोली



लेकीकडे जायचं विमान रात्री दोनचं होतं. कर्जतहून निघायच्या आधी घरीच चौविहार केला होता, त्यामुळे विमानतळावर ना चहा ना पाणी. सामान आत गेलेलं. हातात माळ होती, पण खरं सांगते, मन माळेपेक्षा माणसांत जास्त होतं.

एक नऊवारीतल्या आजी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, पासपोर्टची पिशवी गळ्यात, आणि तीवर दोन्ही हात. बहुतेक सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या. आखातात कामाला जाणारी दहा-बारा मुलं, सुतळीने बांधलेल्या खोक्यांवर रंगाने नावं लिहिलेली. एक नवराबायको जमिनीवर बॅग उघडून बसलेले. तेवीस किलोच्या वर भरली म्हणून तो लोणच्याची बरणी काढायचा, ती परत आत ठेवायची. मला त्या बरणीची फार काळजी लागली होती.

असं थांबलेल्या प्रवाशांचं गाव आपल्या खालापूर तालुक्यात एकदा होतं. खोपोली.

1856 च्या मे महिन्यात जी.आय.पी. रेल्वेची गाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. 1858 च्या जूनमध्ये घाटाच्या वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला बोरघाट तेवढा राहिला. पुढची जवळपास पाच वर्षं मुंबईहून गाडीने पुण्याला निघालेला माणूस खोपोलीला उतरायचा, तिथून पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडी करून खंडाळा गाठायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचा. पैसेवाला पालखीत, बाकीचे मिळेल त्यात. आज विमानात पडदा असतो, तेव्हा भोई होते. नाना फडणवीसांनी बांधलेलं तळं आणि महादेवाचं देऊळ खोपोलीत तेव्हाही होतं. तळ्याच्या पायऱ्यांवर गाठोडी सोडून, शिदोरी उघडून बसलेल्या बायका मला डोळ्यांसमोर दिसतात. गाठोडं जड झालं म्हणून तिथेही कुणी काहीतरी काढून ठेवलंच असेल.

हे लोक खाली थांबत होते तेव्हा वर डोंगर फुटत होता. सुमारे पंचवीस किलोमीटरचा चढ, 1,831 फूट उंची, 25 बोगदे, 8 मोठे पूल. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. पहिला कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली आणि 1859 च्या जानेवारीत मजुरांनी दंगा केला, त्यानंतर फॅव्हिएलने काम सोडलं. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला हे वाचताना वाटलं की डोंगर फोडणं एक वेळ जमेल, पण रोजच्या हजेरीचा चोख हिशेब ठेवणं त्याहून कठीण.

नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी इंग्लंडहून बायकोला घेऊन आला आणि थोड्याच दिवसांत आजाराने गेला. त्याच्या बायकोचं नाव ॲलिस. परक्या मुलखात नवरा गेलेला, अंगावर एवढं मोठं अर्धवट काम. परतीचं जहाज धरून ती गेली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, ॲडमसन आणि क्लाउझर हे दोन अनुभवी इंजिनिअर कामावर नेमले आणि घाट पुरा करून दिला. आपण त्या बोगद्यांतून किती वेळा गेलो असू! लोणावळ्याच्या चिक्कीच्या आठवणी निघतात, ॲलिसबाईंची कधी कुणी काढली नाही. मलाही साठीपर्यंत त्यांचं नाव माहीत नव्हतं.

1861 च्या जानेवारीत घाटात बेचाळीस हजारांच्या वर माणसं कामाला होती. पटकीने आणि तापाने त्यांतली हजारो गेली. बर्कलीही घाट सुरू झालेला बघू शकले नाहीत, 1862 मध्ये इंग्लंडला वारले. त्यांचं नाव निदान पुस्तकांत आहे. मजुरांपैकी कुणाचं नाव कुठल्या दगडावर मी पाहिलेलं नाही. घरून निघताना त्यांनाही कुणीतरी वेशीपर्यंत पोहोचवायला आलं असेलच ना?

21 एप्रिल 1863 ला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग उघडला आणि खोपोलीची वर्दळ एका दिवसात कमी झाली. खोपोली फाट्यावरचं शेवटचं स्टेशन झाली, गर्दी आमच्या कर्जतला आली. घाट चढायला मागून इंजिनं जोडतात, तेवढा वेळ गाडी थांबते आणि लोक दिवाडकरांच्या वड्यासाठी उतरतात. आपल्याला बटाटा चालत नाही, पण त्या वासाचा दोष मला रोज लागत असणार.

आपल्या समाजातला लांबच्या प्रवासाचा मोठा प्रसंग याच्या तीस वर्षांनंतरचा. 1893 च्या शिकागोच्या धर्मपरिषदेचं बोलावणं आचार्य आत्मारामजी महाराजांना आलं. साधू वाहनात बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या जागी वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. वय एकोणतीस. समुद्र ओलांडतो म्हणून समाजातल्या जुन्या वळणाच्या लोकांनी कडाडून विरोध केला. आज त्याच घरांतल्या आम्ही आज्या नातवंडांसाठी वर्षातून एकदा समुद्र ओलांडतो आणि कुणी विचारत नाही. मला तर कधी कधी वाटतं, कुणीतरी विचारायला हवं. सहा महिने तिथल्या बंद घरात, बोलायला कुणी नाही, हे आपण मैत्रिणींनाही सांगत नाही. त्या नऊवारीतल्या आजींच्या हातांकडे बघून मला माझीच पहिली खेप आठवली.

निघायच्या आदल्या दिवशी खोपोलीला विहारातल्या साध्वीजी उतरल्या होत्या, वंदनाला गेले होते. त्या पहाटे जुन्या घाटरस्त्याने वर निघणार होत्या. सामान म्हणजे ओघा, पातरी आणि खांद्यावर मावेल तेवढीच वस्त्रं-पुस्तकं. मी म्हटलं, महाराजसाहेब, उद्या अमेरिकेला निघते, पंधरा-सोळा तास लागतात. त्या हसल्या, म्हणाल्या, आम्हाला इथून पुण्याला पाच-सहा दिवस. मग विचारलं, विमानात नवकारसी कुठल्या सूर्योदयाची धरणार?

त्याचं उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही. विमानात चढायची सूचना झाली तेव्हा आजी माझ्या पुढे होत्या. बरणी कुणाच्या बॅगेत गेली ते मात्र बघायचं राहिलं.