अंधारात शिरणारा डोळा

मंगळवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माजघरावर लाकडी तक्तपोशी आहे. ती व वरची कौले यांच्यामधील हातभर पोकळीत छपराचा भार पेलणारी सागवानी तुळई आहे. गेल्या पावसाळ्यात फळ्यांच्या सांध्यांतून माती गळू लागली. सुताराने निकाल दिला, की तुळईस वाळवी लागली; तक्तपोशी उतरवून तुळई बदलावी. आजोबांच्या हातची ती तक्तपोशी एकदा उतरली, की पुन्हा तशी बसणे नाही. म्हणून आधी आत डोकावून पाहावे, असा विचार करून आम्ही मोबाईलला जोडावयाचा, तारेच्या टोकावर बसविलेला एक स्वस्त कॅमेरा आणला. वेष्टनावर पिक्सेलांचा आकडा मोठा होता, एवढीच त्या निवडीची मीमांसा! फळीच्या गाठीतून तो आत सोडला, तो पडद्यावर केवळ काळसर धुके. आणि त्यात मातीची एक अस्पष्ट रेघ. ती वाळवीचीच वाट, असे सुताराने ठरविले व आम्हीही मान डोलावली.

या यंत्राचा इतिहास तेव्हा आठवला असता, तर मान इतक्या लवकर डोलली नसती.

१८०६ साली फ्रांकफुर्ट येथील फिलिप बोझिनी या वैद्याने मेणबत्ती व आरसा यांच्या साहाय्याने मानवी देहाच्या पोकळ्यांत प्रकाश पाठविणारे पात्र तयार केले. तीन वर्षांनी, ऐन तारुण्यात, तो तापाने वारला. १८५३ मध्ये पॅरिसच्या देझोर्मोने मेणबत्तीच्या जागी मद्यार्क व टर्पेंटाईन यांच्या मिश्रणाचा दिवा आणला. १८६८ साली कुसमाउलने तलवार गिळणाऱ्या एका खेळाडूच्या घशातून सरळ नळी जठरापर्यंत नेली. परंतु बाहेरच्या दिव्याचा उजेड तेथवर पुरेसा पोचेना. या प्रत्येकाची नळी आत शिरत होती. मागे राहत होता तो प्रकाश. १८७९ मध्ये माक्स निट्झेने दिवाच नळीच्या टोकास नेला. विजेने तापलेली प्लॅटिनमची तार आणि ती निववावयास भोवती खेळते पाणी, अशी त्याची योजना होती. पुढे १९५४ च्या जानेवारीत, पंजाबात जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वळणावळणाने नेता येते, हे प्रसिद्ध केले. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत प्रकाशाचे विजेत रूपांतर करून चित्र टिपणारी चकती निघाली, आणि १९९० नंतर तिची स्वस्त भावंडे जन्मली. त्यांच्याच कृपेने आज वाटाण्याएवढा कॅमेरा हजार रुपयांच्या आत मिळतो. त्याच्या भिंगाभोवती जे बारीक दिव्यांचे कडे असते, ते निट्झेच्याच कल्पनेचे वंशज होय.

देहासाठी निघालेले हे साधन कारखान्यातही लौकरच गेले. वाफेच्या टर्बाइनच्या चक्रदंडात आतून भेग आहे की काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत जॉर्ज क्रॅम्प्टनने १९२१ मध्ये अशी नळी बनविली. आमच्या शिवाजी उद्यमनगरातील एक यंत्रकारागीर ओतीव लोखंडाची आतली भोके याच रीतीने तपासतो. आमची फजिती ऐकून तो हसला व म्हणाला, “सर, आकडा बघून न्हाई घ्यायचा. किती लांबून बघायचंय ते आधी सांगा.”

त्याचे म्हणणे असे. बहुतेक स्वस्त भिंगांना ठराविक अंतरावरचेच स्पष्ट दिसते. कित्येकांना तीन ते दहा सेंटिमीटर. आमची तुळई त्याच्या दुप्पट दूर होती. दुसरे, दिव्यांचा उजेड कमीजास्त करता यावा. नाहीतर जवळची वस्तू पांढरी फटफटीत व लांबची काळी. तिसरे, टोकाची जाडी भोकाहून कमी हवी. साडेपाच वा आठ मिलिमीटर ही नेहमीची मापे. चौथे, तार वाकवू तशी राहणारी असावी. लांब, लुळी तार नेमक्या जागी वळविता येत नाही. आणि पाचवे, चित्रात माप नसते. भिंगापुढची मुंगी रेड्याएवढी दिसते. म्हणून ओळखीच्या मापाची वस्तू शेजारी ठेवावी.

ज्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी दामल्यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये स्वहस्ते चलच्चित्रांचा कॅमेरा घडविला, तेथील एका प्राध्यापकाने वेष्टनावरील आकड्यास भुलावे, ही लज्जास्पद गोष्ट खरी. दुसरा कॅमेरा पहिल्याहून कमी पिक्सेलांचा, परंतु लांबचे पाहणारा व ताठ तारेचा आणला. टोकाशी आगकाडी बांधून तो तुळईच्या अंगाने फिरविला. वाळवीची वाट म्हणून मानलेली रेघ म्हणजे भिंतीच्या माथ्यावरून ओघळलेला चुना व माती होती. वरचे एक कौल सरकून पाणी तेथे झिरपत होते. दोन्ही टोकांपर्यंत पाहिले. तुळई निकोप होती.

कौल नीट बसविले, गळणे थांबले. तक्तपोशी जागच्या जागी आहे. पहिला कॅमेरा आम्ही फेकून दिला नाही. न दिसणाऱ्यास ‘दिसले’ म्हणण्याची घाई किती महाग पडली असती, याची आठवण म्हणून तो आमच्या टेबलावर असतो.