जुना टेन्युअर, नवा टेन्युअर

आपल्या कर्जत-खालापूरकडे जमिनीचं काम निघालं की दलाल पहिलं विचारतो, "टेन्युअर कुठला, जुना की नवा?" आपली माणसं नुसती मान हलवतात. म्हणून स्मरणिकेत या शब्दाचा इतिहास थोडक्यात मांडत आहोत.

या शब्दाचं मूळ 'धरणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. राष्ट्रपतींचा टेन्युअर 5 वर्षांचा, म्हणजे संपणारा. पण अमेरिकेतल्या प्राध्यापकाला टेन्युअर मिळाला की त्याला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. आम्ही गिरणीवाले त्याला परमनंट म्हणू. बदलीवाल्याचं दुःख समजायला काही अमेरिकेला जावं लागत नाही! जमिनीच्या बाबतीत टेन्युअर म्हणजे ती ज्या शर्तीवर धारण केली ती शर्त.

आपल्या वाडवडिलांची शर्त होती महार वतनाची. 1874 च्या वतन कायद्याने जमीन वंशपरंपरागत खरी, पण चाकरीला जखडलेली. बोलावणं रात्री येवो की दिवसा. घरचा कर्ता नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचं. तरी 'आम्ही वतनदार' म्हणून लोकांना अभिमान वाटे. हा हक्क नसून बेडी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखलं. जमीन राखून चाकरीतून सुटता यावं, यासाठी 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचं बिल मांडलं. 1929 मध्ये ते मागे घ्यावं लागलं.

पुढे 1958 च्या कायद्याने, 1 ऑगस्ट 1959 पासून, ही वतनं संपली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला पुन्हा दिल्या गेल्या, त्या नव्या शर्तीवर. हाच दलालाचा 'नवा टेन्युअर'. सातबारावर तो भोगवटादार वर्ग 2 म्हणून दिसतो.

वर्ग 2 म्हणजे दुय्यम मालकी, असं सांगून भाव पाडणारे पुष्कळ भेटतात. ते साफ खोटं आहे. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे वर्ग 2 चा भोगवटाही कायमचाच. बंधन आहे ते हस्तांतरावर. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय वतनाची जमीन विकता येत नाही.

नेरळपासून चौकपर्यंत फार्महाऊस उठली, तसे कुलमुखत्यारपत्रावर सह्या मागणारेही गावोगाव फिरू लागले. अशा कागदाने परवानगीची अट टळत नाही. सही मागायला कोणी आलं तर आधी सातबारा आणि जुने फेरफार काढून आणा, आणि परवानगीचा लेखी हुकूम दाखवायला सांगा.