शेजार मोडला तेव्हा

कॅलिफोर्नियातल्या आपल्या नातलगांशी फोनवर बोलताना कधीतरी तिकडच्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचा विषय निघतो आणि इकडची मंडळी गप्प होतात. तेव्हा आज त्यावरच एक तास घ्यावा म्हणतो. शिक्षकाची सवय, दुसरं काय!

तिकडे 'कॉन्फरन्स' म्हणजे परिषद नव्हे. खेळासाठी एकत्र आलेल्या कॉलेजांचा तो गट. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक असे विभाग असतात, आणि दौंड-शिरूरची कॉलेजं जिल्हा विभागात खेळतात. साधारण तसंच समजा. फरक एवढाच की आपल्याकडे बहुधा हरला तो घरी गेला. तिकडे हिवाळाभर त्याच त्या कॉलेजांशी अठरा-वीस सामने होतात. शेवटी गटाची स्पर्धा, आणि त्यातून निवडलेले संघ मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेला जातात.

पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉलेजांचा असा गट १९१५ साली पोर्टलंडला स्थापन झाला. सुरुवातीला चारच कॉलेजं होती. मध्ये १९५९ साली तो एकदा मोडला, लगेच नव्या नावाने उभा राहिला, वाढत गेला आणि २०११ पासून 'पॅक-१२' झाला. जॉन वुडन याच गटातले. यूसीएलएच्या या प्रशिक्षकांनी १९६४ ते १९७५ या काळात दहा राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. मूळचे ते इंग्रजीचे शिक्षक. पहिल्या दिवशी ते खेळाडूंना पायमोजे नीट कसे घालायचे ते शिकवत, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की खेळ बिघडतो. हे वाचल्यावर मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटली.

पण या गटातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांचं वेळापत्रक. बारा कॉलेजांच्या सहा जोड्या होत्या : स्टॅनफर्ड आणि बर्कली, यूसीएलए आणि यूएससी, ओरेगन आणि ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट, ॲरिझोना आणि ॲरिझोना स्टेट, युटा आणि कोलोरॅडो. पाहुणा संघ एका फेरीत जोडीतल्या दोन्ही कॉलेजांशी खेळून परतायचा. खर्च वाचे आणि वर्गही फार बुडत नसत. शेजारी असणं हा या गटाचा नियमच होता म्हणा ना. स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींनी तर १८९६ सालीच एकमेकींशी सामना खेळला होता. स्टॅनफर्डने तो २-१ असा जिंकला. आत पुरुषांना मज्जाव होता! खेळ जन्माला येऊन तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती.

मग बिनसलं कुठे? बास्केटबॉलमुळे नाही, अमेरिकन फुटबॉलच्या दूरदर्शन हक्कांमुळे. मध्य-पश्चिमेकडच्या 'बिग टेन' या गटाने २०२२ साली सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे करार केले. त्याच वर्षी यूसीएलए आणि यूएससीने तिकडे जाण्याचं जाहीर केलं. पॅक-१२ला तोडीचा करार मिळेना. २०२३च्या उन्हाळ्यात कोलोरॅडो गेलं, मग ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोनाची दोन्ही, युटा. शेवटी स्टॅनफर्ड आणि बर्कली 'अटलांटिक कोस्ट' गटात गेली. प्रशांत महासागराच्या काठची कॉलेजं अटलांटिकच्या किनाऱ्यावर! भूगोलाच्या पेपरात असं कुणी लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

म्हणजे २०२३-२४चा हंगाम सगळे एकत्र खेळले ते शेवटचं आहे हे जाणूनच. आणि हंगाम झाला कसा? जानेवारीत स्टॅनफर्डच्या प्रशिक्षिका टॅरा व्हॅनडरव्हीर यांनी १२०३वा विजय मिळवून कॉलेज बास्केटबॉलमधला सर्वाधिक विजयांचा विक्रम आपल्या नावावर केला. फेब्रुवारीत त्यांच्याच मैदानावर यूएससीच्या जूजू वॉटकिन्स या अठरा वर्षांच्या मुलीने एकटीने ५१ गुण केले, संघाच्या ६७ पैकी. मार्चमध्ये लास व्हेगासला यूएससीने स्टॅनफर्डला ७४-६१ असं हरवून मुलींचं शेवटचं विजेतेपद घेतलं. मुलांमध्ये साखळीत ॲरिझोना पहिलं, पण अंतिम सामना ओरेगनने कोलोरॅडोविरुद्ध ७५-६८ असा जिंकला. मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेत या एका गटाचे सात संघ होते. गट दुबळा झाला म्हणून मोडला, असं कुणालाच म्हणता येणार नाही.

मागे राहिली दोन कॉलेजं, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. कुणी नेलंच नाही त्यांना. गंमत पाहा, ओरेगन स्टेटच्या मुली त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोहोचल्या आणि वॉशिंग्टन स्टेटची मुलं २००८ नंतर प्रथमच त्या स्पर्धेत खेळली. म्हणजे नाकारली गेली ती खेळात कमी पडली म्हणून नव्हे. त्यांची गावं लहान, प्रेक्षकसंख्या कमी. हंगाम संपताच ओरेगन स्टेटच्या मुख्य खेळाडूंपैकी अनेक जणी दुसऱ्या कॉलेजांत निघून गेल्या. त्या दोघांनी मात्र नाव सोडलं नाही. २०२४ मध्ये त्यांनी बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, गोन्झागा अशा कॉलेजांना २०२६ पासून सोबत घेण्याचं ठरवलं.

मला पैशाचा राग नाही. मैदानं, शिष्यवृत्त्या पैशावरच चालतात. पण लॉस एंजेलिसच्या मुलींनी न्यू जर्सीला साखळी सामना खेळायला जायचं म्हणजे एका बाजूचं अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर. दौंडहून रेल्वेने दिल्लीला जाऊन परत आलो तरी इतकं होत नाही. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो. बास्केटबॉलच्या मुलींना आठवड्यात दोनदा खेळायचं असतं, वर परीक्षाही द्यायच्या असतात. करार करताना त्यांना कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

शत्रुत्वसुद्धा शेजाऱ्याशीच रंगतं. दौंडच्या पोराला बारामतीला हरवण्यात जी मजा आहे, ती नाव न ऐकलेल्या गावाला हरवण्यात नाही. त्या गटाने १९१५ पासून जमवलं ते हेच होतं, आणि ते करारात कुठे लिहिलेलं नसल्यामुळे त्याची किंमतही कुणी लावली नाही.

असो. तिकडच्या मंडळींनी आता ओरेगन स्टेटचा सामना लागला तर जरूर पाहावा, आणि निकाल मला कळवावा.