सेवा, मानधन आणि वेतन

मराठी मुलखातील कोणत्याही सरकारी इस्पितळात रुग्ण परिचारिकेला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारतो. हाक मारणाऱ्याच्या मनात तिचा धर्म नसतो, तिचे शिक्षण नसते, आणि तिच्या पगाराचा आकडा तर मुळीच नसतो. परंतु या एका शब्दात शुश्रूषेचा जुना इतिहास साठलेला आहे. युरोपात कित्येक शतके रुग्णांची देखभाल मठांतील धर्मभगिनी करीत असत, आणि त्यांचे संबोधन पुढे साऱ्या व्यवसायाला चिकटले. गोव्यात पोर्तुगिजांनी उभारलेले राजरुग्णालय १५९१ पासून येशूसंघाच्या व्यवस्थेखाली होते. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑल सेंट्स या अँग्लिकन संघाच्या भगिनी जे. जे. रुग्णालयात शुश्रूषा करीत. या व्रतस्थांना पगाराची गरज नव्हती. कारण अन्न, वस्त्र, निवारा आणि म्हातारपणची काळजी त्यांचा संघ वाहत असे. सेवा विनावेतन होती, पण सेविका निराधार नव्हती. तिच्या व्रतामागे मठ उभा होता.

पुढे या कामात संसारी स्त्रिया येऊ लागल्या. १८९१ मध्ये मुंबईत शुश्रूषेचे शिक्षण घेण्यास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिली शिक्षित भारतीय परिचारिका म्हणून सांगितले जाते. परक्याच्या शरीराला हात लावणे, मलमूत्र उचलणे, रात्रपाळीसाठी घराबाहेर राहणे, या साऱ्या गोष्टी त्या काळी कुलीन स्त्रीला न शोभणाऱ्या मानल्या जात. त्यामुळे या वाटेला ज्या वळल्या, त्यांत विधवा होत्या, निराश्रित होत्या, मिशनच्या शाळांत शिकलेल्या मुली होत्या. त्यांच्यामागे मठ नव्हता. कित्येकींच्या मागे खाणारी तोंडे होती. समाजाने मात्र त्यांच्याकडून अपेक्षा ठेवली ती व्रतस्थेचीच, आणि मोबदल्याचा प्रश्न निघाला की सेवाभावाची आठवण करून दिली.

या विसंगतीची सरकारी दफ्तरात ठळक नोंद झाली ती १९४६ साली. हिंदुस्थानातील आरोग्यव्यवस्थेची पाहणी करण्यासाठी १९४३ मध्ये एक समिती नेमण्यात आली होती. तिचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले भारतीय ख्रिस्ती सनदी अधिकारी होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व या समितीने स्वतंत्र होऊ घातलेल्या देशापुढे ठेवले. परंतु उपचार करणारे हात कोठे होते? समितीच्या हिशेबाप्रमाणे त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या. म्हणजे दर ४३,००० लोकांमागे १. दर ५०० लोकांमागे १ परिचारिका हे समितीने उद्दिष्ट धरले. हे अंतर तुटायचे असेल तर परिचारिकांचा अपुरा पगार, कामाचे लांबलचक तास आणि राहण्याची हलाखीची सोय या गोष्टी सुधारल्याच पाहिजेत, हेही समितीने जाणले होते. रुग्णाचा हक्क आणि परिचारिकेचे वेतन या एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे भोर समितीच्या अहवालातून निघणारे सूत्र होय.

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये मद्रासचे मंत्री ए. बी. शेट्टी यांच्या अध्यक्षतेखाली परिचारिकांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचा विचार करण्यासाठी स्वतंत्र समिती बसली. कामाचा ताण पुरता हटला नाही. परंतु सरकारी इस्पितळातील कायम परिचारिकेला कालांतराने वेतनश्रेणी, रजा व निवृत्तिवेतन लाभले. प्रश्न संपला असे मात्र झाले नाही. तो इस्पितळाच्या दारातून निघून खेड्याच्या वेशीवर जाऊन उभा राहिला.

२ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने ग्रामीण आरोग्यसेवकांची योजना सुरू केली. गावातील एका व्यक्तीची निवड करावयाची, तिला ३ महिने शिक्षण द्यावयाचे, आणि नंतर तिने गावात प्राथमिक औषधोपचार करावा, अशी ही कल्पना होती. शिक्षणकाळात महिना २०० रुपये विद्यावेतन मिळे. प्रत्यक्ष काम सुरू झाले की महिना ५० रुपये. या ५० रुपयांना वेतन म्हणावयाचे नाही, ते ‘मानधन’, असे ठरले. येथून हा शब्द आरोग्यखात्याच्या व्यवहारात घट्ट रुजला. शब्द मोठा गोड आहे. कीर्तनकाराला, व्याख्यात्याला, परीक्षकाला मानधन देतात. कारण त्यांचे पोट त्या एका प्रसंगावर अवलंबून नसते. वर्षाचे बाराही महिने राबणाऱ्याला तोच शब्द लावला, म्हणजे किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजा यांची भाषाच बंद होते. पुढे सेवकाचे नाव बदलून ‘ग्राम आरोग्य मार्गदर्शक’ झाले, महागाई चढत गेली, पण ५० रुपये कित्येक वर्षे ५०च राहिले. सेवकांनी संघटना बांधून दाद मागितली, कामातले लक्ष उडाले, आणि योजना विझत गेली.

याच काळात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून एक निराळा प्रयोग चालविला होता. गावानेच निवडलेल्या, पुष्कळशा निरक्षर आणि दलित स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या स्त्रियांना नियमित पगार नव्हता. आरोग्यसेविका पगारी झाली की ती गावाची न राहता कचेरीची होते, असा या मतामागील युक्तिवाद. आणि तो सहज झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु जामखेडला या स्त्रियांना चरितार्थासाठी छोटे धंदे उभारून देण्याची खटपट होती, दर आठवड्याचे शिक्षण होते, आणि पाठीशी इस्पितळ होते. मठाने भगिनींना जो आधार दिला, त्याच जातीचा आधार येथेही होता. सरकारने पुढे देशभर उचलली ती बिनपगारी सेविकेची कल्पना. तो आधार मागेच राहिला.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर ‘आशा’ कार्यकर्ती आली. सुमारे १,००० वस्तीमागे एक, त्याच गावची रहिवासी स्त्री. तिला स्वयंसेविका मानण्यात आले, आणि मोबदला कामागणिक ठरला. नवजात अर्भकाच्या गृहभेटींचेच उदाहरण घ्यावे. दवाखान्यात प्रसूती झालेली बाळंतीण घरी आली, की आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन करावयाचे, ताप पाहावयाचा, अंगावर पाजण्याबद्दल आईला समजावयाचे. या ६ भेटींचे २०११ च्या नियमांप्रमाणे २५० रुपये ठरले. म्हणजे एका भेटीचे ४२ रुपयेही नाहीत. तेही केव्हा? वजनाची नोंद, लसी व जन्मनोंदणी पुरी झाली, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व मूल दोघेही सुखरूप असली तर. ज्या घरात मूल दगावले, त्या घरी आशेने अधिकच खेटे घातले असतील. पण नियमाच्या चौकटीत ते श्रम बसत नव्हते.

कायद्याचा दरवाजाही सहज उघडला नाही. मानधनावरच काम करणाऱ्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, कर्नाटकातून आलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली निर्णय दिला, की त्यांची जागा ही सरकारी पद नव्हे. २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांतील स्त्रियांना कामगार मानून किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. ती कागदावर राहिली. पुढे २०२२ मध्ये गुजरातेतील दाहोदच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्यान्वये उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. त्यांना मिळणारे मानधन हे त्या कायद्यापुरते वेतनच होय, असा या निर्णयाचा अर्थ. शब्दाचा पडदा न्यायालयाने एका कोपऱ्यातून तरी उचलला.

मधल्या काळात करोनाची साथ येऊन गेली. २०२० मध्ये लोक दारे लावून बसले असता आशा घरोघर फिरत होत्या. त्या जोखमीबद्दल केंद्राने महिना १,००० रुपये जादा दिले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील १० लाखांहून अधिक आशांचा जागतिक सन्मान केला. सन्मान मिळाला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. आश्वासन मिळाले, ते पाळले जाईना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, आणि मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने महिना ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. केंद्राकडून मिळणारी ठराविक मासिक रक्कम २०१८ साली १,००० वरून २,००० झाली होती. ती २०२५ मध्ये ३,५०० झाली. वाढ झाली हे खरे; पण एकेका पायरीसाठी किती वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

खेडोपाडी फिरणाऱ्या स्त्रियांना कायम करणे राज्यसंस्थेला झेपणार नाही, असे म्हटले जाते. शेजारच्या पाकिस्तानचा दाखला या ठिकाणी पाहण्यासारखा आहे. तेथे १९९४ मध्ये अशाच आरोग्यसेविकांची योजना निघाली. त्यांनी रस्त्यावर मोर्चे काढले, सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०१२ मध्ये त्यांना नोकरीत कायम करण्याचा निर्णय झाला. तिजोरी तेथील काही भरलेली नव्हती.

व्रताने केलेली सेवा थोर आहे, यात शंका नाही. परंतु व्रत ज्याचे त्याने घ्यावयाचे असते. ते दुसऱ्यावर लादले की त्याचे नाव वेठ होते. ज्या बाईच्या भरवशावर गावातली बाळंतीण निर्धास्त निजते, तिच्या स्वतःच्या घरी महिनाअखेर चूल पेटेल की नाही, याची चिंता करणे हे आरोग्यखात्याचेच काम आहे. भोर समितीने रुग्णाला जे वचन दिले, ते पाळण्यासाठी या बाईचे पाय रोज चालावे लागतात. आणि त्या चालण्याला प्रामाणिक शब्द एकच आहे, तो म्हणजे वेतन.