न कळणाऱ्या भाषेतले गाणे

अब्दुल करीम खाँ यांची एक जुनी तबकडी मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. राग खरहरप्रिया, रचना त्यागराजांची, भाषा तेलुगू. गायक उत्तरेतल्या कैरान्याचे, मिरजेत स्थायिक झालेले. ऐकणारा मी मराठी. तेलुगू मला येत नाही. पुढे एका जाणकाराकडून अर्थ समजून घेतला. समाधान वाटले, पण त्यामुळे गाणे अधिक आवडू लागले, असे काही झाले नाही. मग इतकी वर्षे मी ऐकत होतो ते काय?

या प्रश्नाने मला तंजावरच्या इतिहासाकडे नेले. त्यागराज (१७६७–१८४७) कावेरीकाठी तिरुवैयारूला राहत. भोवतालचा मुलूख तमिळ, गादीवर भोसल्यांचे मराठी घराणे, आणि गाणे तेलुगू! तेलुगूला तेथे मान मिळाला तो नायक राजांच्या काळात. त्यांची सत्ता १६७३ साली गेली, पुढे मराठे आले. तरी तो मान ओसरला नाही. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे यांनी तर स्वतः तेलुगूत यक्षगान रचले.

तेलुगूच्या या गोडीला ध्वनीचेही कारण आहे. तिचे बहुतेक शब्द स्वरान्त. आपण ‘हात’, ‘घर’ म्हणतो तेव्हा शब्द व्यंजनावर मिटतो. तमिळमध्येही म्, न्, ळ् यांवर थांबणारे शब्द पुष्कळ. तेलुगू शब्द मात्र शेवटी उघडाच राहतो आणि त्यावर गायकाला रेंगाळता येते. अर्थ न कळणाऱ्या कानाला हा उघडा स्वर आणि त्यावरचा गळा नेमका ऐकू येतो.

पण याला दुसरी बाजू आहे. १९४०नंतर मद्रास इलाख्यात ‘तमिळ इसै’ चळवळ उभी राहिली. अण्णामलै चेट्टियार यांनी तिला पाठबळ दिले, लेखक कल्की यांनी तिची बाजू मांडली, आणि १९४३ साली तमिळ इसै संगम स्थापन झाला. आमच्याच गावात, आमच्याच मैफलीत आम्हाला न कळणारी गाणी किती ऐकायची, हा त्यांचा सवाल. तमिळ पदे बहुधा मैफलीच्या शेवटी, हलक्याफुलक्या रचनांत येत. अशा रचनांना तेथे ‘तुक्कडा’ म्हणतात. शब्द आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. नादाला भाषेची गरज काय, असे विरोधकांचे उत्तर होते.

पूर्वी मला ही चळवळ निव्वळ भाषाभिमानाची वाटे. आता वाटत नाही. माझ्यासाठी तेलुगू ही आवडीने निवडलेली अनोळखी भाषा आहे; तमिळ श्रोत्यासाठी ती मैफलीचा रिवाज होती. न कळण्यातले सुख मला मिळते, कारण कळणारी गाणी मला घरीच भरपूर मिळाली आहेत.

ती तबकडी मी आजही लावतो. मात्र ‘संगीताला भाषा नसते’ हे वाक्य आता माझ्या तोंडून सहज निघत नाही.