गाडी कोण काढणार?

आधी ९ मार्च २०२० च्या रात्री उतरा. ठिकाण अक्कलकुवा तालुक्यातलं काठी. राजवाडी होळीसाठी सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसं आली आहेत. मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे, अंगावर ठिपके, आणि ढोल असा की कानाआधी छातीत वाजतो. होळी पेटेल ती पहाटे. त्याच संध्याकाळी पुण्यात, दुबईहून परतलेल्या एका जोडप्याचे अहवाल आले आहेत. महाराष्ट्रातले हे पहिले दोन कोरोना रुग्ण. काठीत ही बातमी पोचलेली नाही, आणि पोचली असती तरी ढोल थांबला नसता. तुमच्या शेजारी कुणीतरी खोकतंय. एकही मान वळत नाही. हे पाहून ठेवा, कारण पुढची दोन वर्षं असं दिसणार नाही.

आता सहा आठवडे पुढे या, नंदुरबार शहरात. इथे मात्र पाहुणे म्हणून राहता येणार नाही. तुम्ही चोपन्न वर्षांचे आहात. मिरच्या वाळवायच्या पथारीवर हंगामभर मुकादमी करता. साखर थोडी वाढलेली, बीपीची गोळी आठवली तर, तंबाखू मात्र न चुकता. थोरला मुलगा सुरतेत, उधन्याला, लूमवर. घरातली एकमेव मोटारसायकल त्याच्याकडे आहे, आणि तो तिकडे अडकला आहे. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, त्याच दिवशी रेल्वे थांबली. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, २५ पासून देश. सुरत-भुसावळ मार्गावर गेला महिनाभर पॅसेंजर नाही. गावात पहिला कोरोना रुग्ण याच आठवड्यात सापडलाय आणि त्याच्या गल्लीला बांबू लागलेत.

रात्रीचे अकरा. पत्रा अजून तापलेला. जेवून आडवे होता आणि छातीच्या मध्यभागी काहीतरी दाबून बसतं. दुखतंय म्हणावं तर तसं दुखत नाही, आवळतं. बायको विचारते, "काय व्हयनं?"

"काही नही, गॅस शे."

ओवा येतो, सोडा येतो. ढेकर येत नाही. आवळणं वर सरकतं, जबड्यात जातं, डाव्या हाताच्या आतल्या बाजूने उतरतं. बनियन ओलं झालंय, आणि हा घाम उकाड्याचा नाही. हात लावून पाहा, कातडी गार आहे. श्वास पुरत नाही. शेजारून धाकटा भाऊ येतो. "नाना, चाला, सिव्हिलले जाऊत."

"तठे कोरोनावाला शेतस. माले नही जानं."

भाऊ गप्प बसतो. त्यालाही जायचं नाहीच आहे. गाडी कुठून आणायची, नाक्यावर काय सांगायचं, आणि 'धाप लागते' हे शब्द तोंडातून गेले की पुढे काय होईल, हे तिन्ही प्रश्न त्याच्या डोक्यात एकदम आलेत. गेल्या महिनाभरात मोबाइलवर त्याने काय पाहिलंय? धाप लागलेला माणूस, पांढऱ्या पोशाखातले लोक, मग घरादाराला चौदा दिवस, आणि मेलाच तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, तोंडसुद्धा न दाखवलेला. हृदयाचा झटका आणि कोरोना यांची एक खूण सारखी आहे, दम लागणं. मिरचीच्या ठसक्याने आयुष्यभर खोकणाऱ्या या गावात त्या एप्रिलमध्ये खोकलाही लपवायची गोष्ट झाली होती.

आत काय चाललंय ते बघा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीच्या भिंतीवर वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर फाटला आहे आणि त्यावर रक्ताची गुठळी बसली आहे. पलीकडच्या स्नायूला रक्त मिळत नाही, तो मरू लागला आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. पहिल्या तीन तासांत ते उत्तम काम करतं, बारा तासांपर्यंत थोडंफार. फुग्याने धमनी उघडण्याचा उपाय आणखी चांगला, पण त्यासाठी इथली माणसं नेहमी धुळे, नाशिक किंवा सुरत गाठतात. सुरत दीडशेहून जास्त किलोमीटर, आणि मध्ये राज्याची सीमा. पहाटे चार वाजता आवळणं कमी होतं. घरात सगळ्यांना हायसं वाटतं. खरं तर जेवढा स्नायू मरायचा होता तेवढा मेला, म्हणून दुखणं थांबलंय.

तुम्ही वाचता. जून उजाडतो तेव्हा दहा पावलं चाललात की थांबता. सिव्हिलच्या हृदयरोगाच्या नोंदवहीत त्या रात्री तुमचं नाव नाही.

असं नाव नसलेली माणसं जगभर होती. इटलीत मार्च २०२० च्या एका आठवड्यात ५४ केंद्रांत झटक्याचे रुग्ण आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याच्या तुलनेत निम्म्यावर आले. इंग्लंडमध्ये आठवड्याला सुमारे ३,००० दाखल होत, ते मार्चअखेर १,८०० च्या आसपास राहिले. भारतात कार्डिऑलॉजिकल सोसायटीने १५ मार्च ते १५ जून २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीशी केली: १८७ रुग्णालयं, आणि घट ३५ टक्क्यांहून थोडी जास्त. म्हणजे जिथे तीन जण येत तिथे दोन आले. तिसरा कुठे गेला?

एक उत्तर असं देतात की झटकेच कमी आले. हवा स्वच्छ, धावपळ नाही, लग्नाच्या पंगती नाहीत. थोडं खरं असेलही. पण इटलीच्याच लोम्बार्डीत त्याच काळात रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना ५८ टक्क्यांनी वाढल्या होत्या. झटके हवेत विरले असते तर असं घडलं नसतं. अर्थात त्या वाढीतला मोठा वाटा खुद्द कोरोनाचाही होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दुसरं उत्तर भीतीचं. ते बहुतेकांनी दिलं आणि ते बरोबरच आहे. फक्त नंदुरबारमध्ये एक गोष्ट ठळक दिसते: भीती विषाणूच्या आधी पोचली. पहिला रुग्ण सापडण्याआधी जवळजवळ महिनाभर रस्ते ओस होते. आणि ही भीती काही मोबाइलने शून्यातून निर्माण केली नव्हती. तिची मुळं पाहायला जरा मागे चला.

सप्टेंबर १९९४. नंदुरबार स्टेशनच्या फलाटावर उभे राहा. सुरतेकडून गाडी येते ती टपांपर्यंत भरलेली. सुरतेत प्लेग आलाय. शहरातून काही लाख माणसं निघाली आहेत, आणि त्यांत खानदेशातून पोटासाठी गेलेले पुष्कळ आहेत. उतरणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल. त्यांच्याकडून तुम्ही ऐकता की तिथले खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून निघून गेले, आणि सरकारी रुग्णालयातून काही रुग्ण पळाले. साथ आली की दवाखान्यापासून लांब राहायचं, हे या रेल्वेमार्गावरच्या घरांनी तेव्हाच ऐकलं.

मग फेब्रुवारी २००६. नवापूर. या स्टेशनची अर्धी इमारत महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत, आणि आजूबाजूला कोंबड्यांच्या शेडच शेड. भारतातला पहिला बर्ड फ्लू इथे सापडलाय. पांढऱ्या पोशाखातली पथकं शेडमध्ये शिरतात, लाखो कोंबड्या मारून पुरल्या जातात, नाके लागतात, साधा ताप असलेल्याला घरातून उचलून तपासणीला नेतात. शेवटी माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. पण पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्या पांढऱ्या पोशाखाची ओळख नवापूरला देशाच्या चौदा वर्षं आधी झाली होती. मोहल्ल्यातल्या माणसाने २०२० मध्ये सरकारी गाडी पाहून दार लावून घेतलं असेल तर त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

तरीही मला वाटतं, सगळं भीतीवर ढकलणं हे शहरी स्पष्टीकरण आहे. ते तपासायला एप्रिल २०२० मध्ये परत या आणि चांदसैली घाट चढून धडगाव तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर जा. पहाटे बायका मोहाची फुलं वेचताहेत. ऊसतोडीला गुजरातेत गेलेले पुरुष कुणी चालत परतलेत, कुणी तिकडेच आहेत. इथल्या म्हाताऱ्याला कोरोनाची धास्ती बेताचीच आहे. त्याला छातीत कळ आली तर एरवी काय होतं ते बघा. आधी भगत. मग बाजारच्या दिवशी गावातून निघणारी काळीपिवळी जीप. तिचा ड्रायव्हर ओळखीचा, पैसे नंतर घेतो. बाजारात किराणा दुकानदार तोंड पाहून म्हणतो, "बाबा, पट्टी काढून घे." पट्टी म्हणजे ईसीजी. बरोबर आलेला पुतण्या दवाखान्यात कागद धरून उभा राहतो, डॉक्टरचं मराठी ऐकून पावरीत सांगतो. नर्मदेकाठच्या मणिबेलीसारख्या गावात तर यात बोटही येते. जिथे रस्ताच नाही तिथे बांबूची झोळी, आणि ती उचलायला चार खांदे.

आता यातून बाजार काढा. काळीपिवळी काढा. पुतण्या काढा. खांद्यांपैकी दोन सुरतेत ठेवा. भीती अजिबात न घालताही म्हातारा घरीच राहतो.

दवाखान्यात माणसाला दुखणं पोचवतं असं आपण समजतो. दुखणं फक्त सुरुवात करून देतं. पोचवतात इतर माणसं. हे शहरातही खरं आहे, तिथे ती साखळी आखूड आहे म्हणून दिसत नाही. चोपन्न वर्षांच्या पुरुषाने स्वतःहून 'मला झटका आलाय' म्हटल्याचं मी क्वचितच ऐकलंय. मुलगा खेकसतो, शेजारी गाडी काढतो, तेव्हा तो शिव्या देत बसतो. टाळेबंदीने नेमका हा खेकसणारा मुलगा दूर ठेवला आणि शेजाऱ्याला दार लावून घ्यायला शिकवलं.

आणि मेलेला माणूस? तो मोजला जात नाही. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं. उरलेल्यांत छातीवर हात ठेवून गेलेला म्हातारा 'वयोमानाने' गेला. पाड्यावरच्या मृत्यूला ते कारण पुरतं.

एक वर्ष पुढे या, एप्रिल २०२१. याच नंदुरबारचं नाव देशभर झालंय. सगळीकडे ऑक्सिजनसाठी धावाधाव असताना इथे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० पासूनच हवेतून ऑक्सिजन बनवणारे प्रकल्प उभे केले होते. हे काम अव्वल होतं, त्याचं जेवढं कौतुक झालं ते कमीच. पण ऑक्सिजन लागतो तो दारात आलेल्या रुग्णाला. दारापर्यंतची वाट वेगळी. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळली, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या माणसाची बायको वाटेतच गेली. तेव्हा टाळेबंदी नव्हती. म्हणजे पाड्यावरच्या माणसाला २०२० च्या एप्रिलमध्ये जे भोगावं लागलं, त्यातलं बरंचसं त्याच्या रोजच्या सवयीचं होतं. शहराने ते पहिल्यांदा चाखलं, एवढंच.

आता आजच्या तारखेला परत या. पुढची साथ कधी येईल ते माहीत नाही, पण झटका साथीची वाट पाहत नाही. घरात पन्नाशीपुढचं कुणी असेल, साखर-बीपी असेल, तंबाखू असेल, तर आज रात्री जेवताना ठरवून टाका: अपरात्री गाडी कोणाची, चालवणार कोण, तो गावात नसला तर दुसरा कोण, आणि पट्टी काढून लगेच इंजेक्शन देणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता. नावं आणि नंबर कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा, रुग्णवाहिकेचा १०८ सर्वांत वर. कळ छातीतून जबड्यात किंवा हातात गेली आणि गार घाम आला, तर ओवा-सोडा करत बसू नका, आणि नाना नाही म्हणाले तरी त्यांना गाडीत घाला.